गोटूची एटीव्ही आणि माझा निःपक्ष सर्व्हे

१ ऑक्टोबर, रविवार

सकाळी अंगणात एक अपघात झाला. माझ्या मुलाची, गोटूची, तीनचाकी सायकल माझ्या गाडीच्या मागच्या चाकाखाली आली. ‘आली’ हा शब्द विचार करून वापरतो आहे. गाडी रिव्हर्समध्ये होती आणि रिव्हर्समध्ये गाडी मागेच जाते. सायकल तिथे असायला नको होती. मी इतकी वर्षं विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्यांचा सर्व्हे करतोय. चूक कोणाची हे ठरवणं हाच माझा धंदा.

निष्कर्ष: वाहन धोकादायक जागी उभे केले. चालक गोटू, वय सहा.

माझ्या बम्परला ओरखडासुद्धा नाही.

त्याच दिवशी, दुपारी

आई आणि माझी बायको वंदना बाहेर आल्या. सायकलचा पापड झालेला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच म्हणाली, त्या भिकनच्या पिकअपचंच काम हे, रोज आपल्या दारात येऊन गाडी वळवतो मेला. भिकन समोर राहतो, शेतातून मंडीत केळी नेतो. गल्ली अरुंद, म्हणून आमच्या अंगणात चाक घालून वळतो. यावर मी फक्त एवढंच म्हणालो की शक्यता नाकारता येत नाही. हे खोटं नाही. रिपोर्टात हेच वाक्य मी शंभरदा लिहिलंय.

सायकलला भिकननेच आपल्या पिकअपचा जुना पोंगा, दाबून वाजवायचा हॉर्न, बसवून दिला होता. तो तेवढा शाबूत राहिला. गोटूने तो सोडवून घेतला आणि आत गेला. रडला नाही. माझ्यावर गेलाय.

पोटात जळजळ. अ‍ॅसिडिटी.

संकल्प: उद्या सगळ्यांना नीट सांगणे.

२ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी. सांगायला मोकळा वेळ होता. पण आज गांधी जयंतीला खरं बोलणं म्हणजे दिखावा वाटला असता. उद्या.

संध्याकाळी भिकन स्वतःच आला. ओट्याखाली उभा. म्हणाला, भाऊ, तुम्ही म्हन्ता तर माझंच चाक गेलं आसंल, पोराची सायकल मी भरून देतो. मी म्हणालो, अरे जाऊ दे, होतं असं. मोठ्या मनाने माफ केलं. वंदना म्हणाली, तुम्ही किती समजूतदार आहात हो.

रात्री दोन गोळ्या घेतल्या. जळजळ थांबेना.

३ ऑक्टोबर, मंगळवार

उपाय सापडला. सायकलच्या बदल्यात सायकल देणं ही झाली नुकसानभरपाई. मी बाप आहे, विमा कंपनी नाही. गोटूला एटीव्ही घेणार! छोटी चारचाकी, जाड टायरची, मुलांची. गल्लीत कोणाकडेच नाही. मुलगा इतका खूश होईल की सायकलचा विषयच संपेल, मग भिकनवरचा आळ आपोआप उतरेल. आळ हा विषयाला चिकटलेला असतो. विषय गेला की आळ गेला.

वंदना म्हणाली, अहो, त्याला तीच तीनचाकी हवी आहे, तशीच दुसरी आणा. बायकांना मोठा विचार करता येत नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

शनवारा बाजारात पंडितच्या खेळण्यांच्या दुकानात गेलो. त्याच्याकडे दोन प्रकार. एक पेट्रोलची, खऱ्या इंजिनाची. दुसरी बॅटरीची, सोबत आईबापांच्या हातात ठेवायला रिमोट. मी त्याला सांगितलं, मी प्रोफेशनल आहे, मला फसवू नकोस. चाकांमधलं अंतर, सीटची उंची, ब्रेक, सगळं पाहिलं. पेट्रोलची बाद: आवाज फार, सायलेन्सर पायाला लागेल, आणि सहा वर्षांच्या मुलाला एवढा वेग कशाला. बॅटरीची पास.

एकच अट घातली. रिव्हर्स नको.

पंडित म्हणाला, भैया, रिव्हर्स तो सब में आता है, बिना रिव्हर्स के बच्चा दीवार में अटक गया तो निकलेगा कैसे? मी म्हणालो, उतरून उचलेल. पंडित माझ्याकडे बघतच राहिला. सेफ्टी लोकांना कळत नाही.

घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, पितृपक्षात नवी वस्तू घरात आणायची नाही, तुझे वडील येतात ना पानावर. मान्य. अमावस्येनंतर. आणि तसं पाहिलं तर पितृपक्षात नवं काहीच सुरू करू नये. खरं बोलणं हेही या घरात एक नवीनच काम ठरेल. भिकनचाही विषय अमावस्येनंतर.

मोठं ओझं उतरलं.

८ ऑक्टोबर, रविवार

गोटूमध्ये चांगला बदल. मी ऑफिसला निघालो की हातातलं सगळं टाकून अंगणात येतो. आईचा बसायचा पाट, चपला, मांजरीची वाटी, सगळं उचलून ओट्यावर ठेवतो आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत उभा राहतो. काल तर मांजरीलाच उचलून उभा होता. वडिलांना निरोप द्यायची पद्धत आजकाल कुठे राहिली आहे? शाळेचे संस्कार म्हणायचे.

शाळेत मात्र माझ्या गाडीतून येत नाही. रिक्षाच हवी म्हणतो. मित्र असतील.

१० ऑक्टोबर, मंगळवार

आईने भिकनकडे श्राद्धाची खीर पाठवली नाही. दरवर्षी पाठवते. पिकअप रोज वळायची, ती आता गल्लीच्या तोंडाशी उभी असते. भिकन केळ्यांचे घड डोक्यावर घेऊन घरापर्यंत चालत येतो, त्याची म्हातारी ओट्यावर बसून विकते ना, त्यासाठी. उन्हात. मी खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला. ऊन फार होतं.

घरात यायच्या आधी मावा जिलेबी घेतली. पाव किलो आमच्याकडे, अर्धा किलो भिकनकडे. भिकनची बायको विचारत होती, काय विशेष? म्हणालो, सहज. तिने पदराला डोळे पुसले आणि म्हणाली, भाऊ, यांच्या हातून नुकसान झालं आणि तुम्हीच गोड देता!

जिलेबी मला गेली नाही. गोळ्या बदलायला हव्यात.

१४ ऑक्टोबर, शनिवार

अमावस्या. पितर गेले. आता कारण उरलं नाही. सकाळी भिकनच्या दारापर्यंत गेलो. तो टायर बदलत होता. मी म्हणालो, भिकन, ते सायकलचं… तो लगेच उठला, हात जोडले, म्हणाला, भाऊ, ते सोडा आता, मला माफ करा. मग काय बोलणार? कोणी माफी मागत असताना मध्ये तोंड घालणं बरं दिसत नाही.

उद्यापासून नवरात्र. देवीच्या दिवसांत घरात वाद नको. दसऱ्याला सांगणार. पक्कं.

१८ ऑक्टोबर, बुधवार

एटीव्ही आली! लाल. मोठे टायर, पुढे दिवा, मागे दिवा. रिव्हर्ससुद्धा आहे (पंडित ऐकत नाही), पण मागे जाताना ती पी-पी वाजते. ही कल्पना मला फार आवडली. सगळ्याच गाड्यांत हवी.

गोटूने एक फेरी मारून पाहिली. मग विचारलं, पप्पा, ही रात्री कुठे ठेवायची? मी म्हणालो, अंगणात, आणि कुठे? थोड्या वेळाने बघतो तर समोरून भिकनला हाताला धरून आणत होता. दोघांनी मिळून एटीव्ही उचलून ओट्यावर चढवली, आईच्या तुळशीच्या मागे, भिंतीला लावून. ओट्याला चार पायऱ्या. तिथे कुठलंही चाक पोहोचत नाही.

वस्तूची काळजी घेणारं मूल. बघून ऊर भरून आला.

पण त्याने मला नाही बोलावलं उचलायला. भिकनला बोलावलं. हे जरा टोचलं. जरा नाही, बरंच टोचलं.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

गोटू एटीव्ही खाली आणू देत नाही. वरच बसतो, दिवे लावतो, बंद करतो. म्हणून आज तो शाळेत असताना मी ती खाली आणून चाचणी घेतली. सीटवर बसलो. तीस किलोची मर्यादा लिहिलेली असते, पण कंपन्या नेहमी कमी करून लिहितात. मागून काहीतरी कट्‌ असं वाजलं. उतरलो. मग रिमोट घेतला आणि पुढे जायचं बटण दाबलं, निदान मला तसं वाटलं. ती पी-पी करत मागे सुटली आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या भिकनच्या पिकअपच्या चाकाला जाऊन थडकली.

प्राथमिक अंदाज: पिकअप चुकीच्या जागी उभी.

नंतर आठवलं, ती तिथे का उभी असते ते. मी तिथेच रस्त्यावर बसलो थोडा वेळ. एटीव्ही उलटी पडून पी-पी करत होती.

भिकन आला, ती सरळ केली, बटण बंद केलं. म्हणाला, मागं पाहून चालवत जा भाऊ. आणि हसला. काय म्हणायचं होतं त्याला? काही नाही. साधा माणूस आहे.

२३ ऑक्टोबर, सोमवार. रात्री

उद्या दसरा. उद्याचं भाषण तयार केलं. आधी गाड्यांची पूजा, मग सोनं वाटताना, सगळ्यांसमोर, भिकनच्या हातात आपट्याची पानं ठेवून सांगायचं: भिकन, सायकल माझ्याकडून मोडली. नेमकं वाक्य ठरवायला वेळ गेला. आधी ‘माझ्या गाडीकडून’ असं लिहिलं होतं. ते खोडलं. मग ‘आपल्या सगळ्यांच्याच निष्काळजीपणामुळे’ असं लिहिलं. तेही खोडलं, पण थोडं नाखुशीने.

आरशासमोर तीनदा म्हटलं. जमलं.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

सकाळी गल्लीतल्या सगळ्या गाड्या धुवून ओळीने उभ्या. माझी, भिकनची पिकअप, आणि ओट्यावर एटीव्ही. झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, नारळ. शेवटी चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी पुढे घेऊन फोडायची, नेहमीसारखं. लिंबं ठेवायचा मान गोटूला.

भिकनच्या पिकअपला त्याने पुढच्या चाकांपुढे ठेवली. माझ्या गाडीला मागच्या चाकांच्या मागे ठेवली.

आई म्हणाली, अरे वेड्या, पुढे ठेव. गाडी पुढे जाते ना?

गोटू म्हणाला, पप्पाची मागे जाते. सायकल तशीच तर मोडली.

आईच्या हातातलं नारळाचं पाणी सांडलं. वंदनाने हळूच विचारलं, तू पाहिलंस? तो म्हणाला, हो, मी ओट्यावर दूध पीत होतो. मग सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, मला कुणी विचारलंच नाही. आणि पप्पा एकदम खाली उतरून इकडेतिकडे बघत होते. घाबरले होते ना ते.

हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. माझी बाजू मांडल्यासारखं सांगितलं.

माझं भाषण खिशात राहिलं.

इतक्या वर्षांच्या सर्व्हेत मी प्रत्यक्षदर्शीचा जबाब घेतल्याशिवाय कधी सही केली नाही. इथे माझ्याच घरात एक होता, सहा वर्षांचा, आणि रोज सकाळी मांजर उचलून माझ्या गाडीमागे उभा राहत होता. मी त्याला संस्कार म्हणत होतो.

अ‍ॅसिडिटी नव्हती ती.

२५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी भिकनकडे गेलो. या वेळी तो हात जोडायच्या आत मीच बोललो. चूक माझी, मला माहीत असताना मी तुझ्यावर ढकलली, लाज वाटते मला.

तो म्हणाला, भाऊ, मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. गोटू पोंगा घेऊन आला होता ना माझ्याकडं. म्हणला, काका, पप्पा लई घाबरलेत, तुम्ही हो म्हणून टाका. पोरानं पहिल्यांदा काही मागितलं, नाही कसं म्हणू?

आपट्याचं पान कालपासून खिशात होतं, सुरकुतलेलं. तेच त्याच्या हातात दिलं. त्याने ते डोक्याला लावलं, म्हणून जास्त वाईट वाटलं.

आईने खीर केली. दसरा होऊन गेल्यावर श्राद्धाची खीर करतात का, असं कोणी विचारलं नाही.

ऑफिसला निघालो तेव्हा पिकअप पुन्हा आमच्या अंगणात चाक घालून वळत होती. गोटू आपल्या जागी येऊन उभा राहिला. मी त्याला म्हणालो, आता तू आत गेलास तरी चालेल, मी बघून घेईन मागे. त्याने माझ्याकडे पाहिलं. विचार केला. मग मांजर उचलली, हातातला जुना पोंगा दाबला आणि म्हणाला, आने दो, आने दो, पप्पा, धीरे.

एटीव्ही अजून ओट्यावरच आहे.