वाक्य संपेपर्यंत थांबा

३ तारीख, सोमवार
आले एकदाची! खोली ऐसपैस आहे, खिडकीसमोरच उपचार केंद्राची गच्ची, खाली फाटक. डॉक्टरसाहेबांनी स्वागताला कोरी वही दिली. रोज लिहीत जा, आधीच्या बाईही लिहायच्या, असं म्हणाले. फुकट वही! आवळा देऊन कोहळा काढायचा बेत नसला म्हणजे मिळवली.

काम असं: स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला तारांची टोपी घालायची, वीस मिनिटं अगदी सौम्य वीजप्रवाह सोडायचा आणि त्याच वेळी पडद्यावर लक्ष आणि स्मरणाचे सराव घ्यायचे. गोळ्या चालूच राहतात. सरावाच्या सूचना आज माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. पहिलीच सूचना अशी, की वाक्य संपेपर्यंत थांबा, मगच हात हलवा. हे ऐकून आई पोट धरून हसेल. मी आजवर कुणाचं वाक्य संपू दिलेलं नाही.

१९ तारीख, बुधवार
सुतारकाकांवर माझा जीव जडलाय. चौदा वर्षं कानातली माणसं त्यांना शिव्या घालत होती. हातातला रंधा सुटला तो सुटलाच. आज त्यांनी आठ चित्रांचा क्रम बिनचूक सांगितला! कानातली माणसंही गप्प झाली म्हणे. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते घरी जाणार. लेकीनं त्यांची खोली रंगवून ठेवलीय. मी त्यांच्यासमोरच रडले, वेडी कुठली. नवी चप्पल डाव्या टाचेला चावतेय, तरी नाचावंसं वाटलं.

२५ तारीख, मंगळवार
काका लाजत म्हणाले की आता एकच आवाज येतो, माझा. सरावामुळे कानात बसला असेल, असं मी समजावलं. मग त्यांनी विचारलं, डाव्या टाचेचं दुखणं थांबलं का? ते मी फक्त या वहीत लिहिलंय, बोलले कुणापाशीच नाही.

मनात पाल चुकचुकली. माझी वही कोण वाचतंय? झाडलोट करणाऱ्या मामांनी शपथ घेतली. डॉक्टरांनी कानांवर हात ठेवले, पण हसले. वही कपाटात ठेवली, किल्ली गळ्यात.

२६ तारीख, बुधवार
परीक्षाच घेते. लिहिते: उद्या सकाळी सुतारकाका शर्ट उलटा घालतात.

२७ तारीख, गुरुवार
उलटा. शिवणी बाहेर. किल्ली माझ्या गळ्यातच होती. काका म्हणाले, तुम्हीच तर सांगितलंत.

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. एवढंच विचारलं की अर्धंच वाक्य लिहिलं तर? या माणसाला सगळं आधीपासून माहीत आहे. मामा हळूच म्हणाले, आधीच्या बाई वही जाळून रडत निघून गेल्या. का, ते सांगेनात.

२८ तारीख, शुक्रवार
लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मन मोकळं करायला इथं दुसरं आहेच कोण? काका उद्या घरी जाणार. डॉक्टर त्यांना सुखासुखी सोडतील असं वाटत नाही. त्यांचा तो अर्ध्या वाक्याचा प्रश्न डोक्यातून जात नाही. सारखं डोळ्यांसमोर येतंय, उद्या सुतारकाका गच्चीच्या कठड्यावर चढतात आणि—

शी! काय लिहून बसले. पुढचं लिहिणार नाही.

२९ तारीख, शनिवार
काका कठड्यावर आहेत. सरावाला बसतात तसे, हात स्थिर. फाटकाशी लेक — ओरडतेय. मामा वर धावलेत, गच्चीचं दार उघडत नाही —

मी खिडकीतून हाका मारल्या. काका म्हणाले, थांबलोय, वाक्य संपू दे.

कालची ओळ खोडली. तरी तसेच उभे. सांगितलेलं पुसलं जात नाही. पुरंच करायला हवं —

डॉक्टर माझ्या खोलीत. हातात घड्याळ. लिहू नका म्हणतात. आधीच्या बाईंनी वही जाळली, वाक्य अर्धंच राहिलं. त्या वाक्यातला रुग्ण तीन तास तसाच थांबला होता, मग भेलकांडून पडला. हा किती थांबतो ते त्यांना बघायचंय —

वही ओढतायत — सोडणार नाही —

आणि मागे वळतात, गच्चीत उतरतात, लेकीचा हात धरून घरी