शिशाच्या पट्ट्या

भाट्ये, शुक्रवार, ९ नोव्हेंबर १९३४

पाणी इतकं निवळ झालं, याचीच मला भीती वाटते आहे.

अनंतभावजींच्या लुगडी रंगवायच्या कारखान्यातलं निळं पाणी वहाळात जातं, म्हणून शेजारी ओरडत होते. भावजींनी टाकीत लोखंडी पट्ट्या सोडून इंजिनावरची वीज दिली, तसा रंग गाळ होऊन खाली बसू लागला. पण लोखंड झिजतं, सारखं बदलावं लागतं. म्हणून काल त्यांनी मोटारीच्या जुन्या बॅटऱ्यांतल्या शिशाच्या पट्ट्या लावल्या. "वहिनी, शिशाला काही होत नाही," म्हणाले.

मग आज पट्टीची कड खाल्ल्यासारखी का दिसली? बोट फिरवून पाहिलं, खरबरीत लागली. ते शिसं गेलं कुठे?

बाबा छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. शेवटी त्यांचे हात मनगटातून लुळे पडले, घास उचलवेना. डॉक्टरांनी शिशालाच दोष दिला होता. हे सांगितलं तर भावजी हसले, आणि चार लोकांसमोर टाकीतलं पेलाभर पाणी पिऊन दाखवलं. ती खाल्लेली कड माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

संध्याकाळी न राहवून शेजारच्या हसीनाकडे गेले. तिची सून गरोदर आहे. म्हटलं, "त्या टाकीचं पाणी घेऊ नकोस गो. निदान सुनेला तरी देऊ नकोस."

हसीनाचा चेहरा उतरला. "अनंतभाऊ सोता प्याले, म्हणून दुपारीच हंडा भरून आणला, वहिनी. सूनच प्याली. आपल्या मचूळ विहिरीपरीस गोड लागतं, म्हणाली."