बाथरूमला सूट

३ तारीख, मंगळवार
आणि वर मलाच विचारतो, बाई, हे घर आहे की गोदाम? उशा शिवून पोट भरते मी. कापूस काय डोक्यावर ठेवू? आगीच्या तपासणीचा साहेब. म्हणे, पोती छतापर्यंत रचलीत, आग लागली तर छताला बसवलेल्या फवाऱ्याचं पाणी खाली पोचणार कसं? पुढच्या आठवड्यात गुरुवारी परत येतो, हॉल मोकळा दिसला पाहिजे. मी बाथरूम दाखवलं. इथं का नाही हो फवारा? म्हणाला, एवढ्याशा बाथरूमला सूट आहे.
सूट! सरकार उगाच सूट देतं होय? तिथं जळत नाही म्हणूनच ना!

४ तारीख
चौदा पोती बाथरूममध्ये. थेट गीझरला टेकवून. वर प्लास्टिक, म्हणजे भिजायला नको. डोकं असलं की जागा सापडते.
सासूबाईंची खाट बाथरूमच्या दाराशीच. पाय गेलेत त्यांचे. म्हणाल्या, अगं, पेटलं तर मी कुठं पळू? म्हटलं, एरवी कुठं पळता?

७ तारीख, सकाळी
गीझरचं बटण हाताला चटका देतं. पाणी झटपट तापतंय, त्याचंच असेल. तरी उद्या वायरमनला बोलवायचं. नक्की.

८ तारीख
रविवारी कुठला वायरमन येतो.
सासूबाईंचं एकच, जळकं येतंय, जळकं येतंय. शेजारणीनं पातेलं करपवलं असणार. ती म्हणते, आज गॅसच पेटवला नाही. खोटारडी.

१० तारीख
वरचं प्लास्टिक आक्रसलंय. हलका माल, दुसरं काय.
सासूबाई भिंतीला हात रेटून खाट सरकवतात. हॉलच्या फवाऱ्याखाली जायचंय म्हणे. वीतभर गेल्या. मी परत दाराशी लावली. शिलाईचं मशीन कुठं ठेवू मग? म्हातारपणी हट्ट फार.

११ तारीख, सकाळी सात
उद्या साहेब. हॉल आरशासारखा. बघूच आता काय खोट काढतो.
खाट रात्रीतून पार मधोमध. राहू दे, वेळ नाही. वायरमन उद्या. गीझर लावलाय, तोवर खालून दोरा घेऊन येते. पाच मिनिटं.

१३ तारीख, शुक्रवार
शेजारणीकडे बसून लिहितेय. वही अजून ओली. बाथरूम गेलं. दार गेलं. दाराशी खाट असायची तिथली फरशी कोळशासारखी.
सासूबाई फवाऱ्याखाली भिजून चिंब, पण केसालाही धक्का नाही. साहेब म्हणाला, सूट बाथरूमला होती बाई, कापसाला नव्हती. आधी बोलायला तोंड शिवलं होतं?
नणंद येऊन सासूबाईंना घेऊन गेली. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी काय मुद्दाम केलं?
नणंदेकडे निरोप धाडलाय. परत यायचं की नाही, रविवारपर्यंत एक काय ते सांगा म्हणावं. आणि खाट कुठं लावायची, तेही तुम्हीच सांगा.