चिमुकल्या मित्रास पाठवलेलं कार्ड

ती. ताईस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (पायांनाच लावले असते, पण बोटांना जांभळी शाई लागली आहे आणि ती काही केल्या जात नाही.) तुझी पाठ कशी आहे? भाओजींचा खोकला गेला का, की अजून फोनवर आधी खोकला येतो आणि मागून ते? आम्ही इकडे मजेत आहोत. मी तर इतका मजेत आहे की तुझ्या वहिनीला माझी काळजी वाटू लागली आहे.

माझा धंदा तुला माहीतच आहे. जन्मभर दारावरच्या पाट्या, बक्षिसांचे कप आणि स्मृतिफलक कोरत आलो. अक्षर माझं, मजकूर कायम दुसऱ्याचा. तर झालं असं, की आमच्या धाकटीच्या मंडळाला चांगल्या अक्षराचा माणूस हवा होता. हे मंडळ ॲनिमेवेड्यांचं. ॲनिमे म्हणजे त्या जपानी चित्रमालिका गं, ज्यात सगळ्यांचे डोळे बशीएवढे असतात आणि केसांना कंगवा म्हणून माहीत नसतो. या वेड्यांपैकी कुणी आजारी पडलं, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरात दुःख झालं, की घरचं माणूस मंडळाला कळवतं. मग मंडळ त्याच्या आवडत्या पात्राचं चित्र काढून आत चार धीराचे शब्द लिहून कार्ड पाठवतं. चित्रं काढणारे पुष्कळ, पण अक्षर एकेकाचं असं की मुंगी शाईतून चालत गेली असावी. "बाबा, तुम्ही फक्त लिहायचं," धाकटी म्हणाली.

फक्त लिहायचं म्हणे. माझी पहिली कार्डं वाचून ती डोकं धरून बसली. नोकरी गेलेल्या एका बाईंना मी 'उल्लेखनीय कामगिरीबद्दल सस्नेह' लिहिलं होतं, आणि टायफॉइड झालेल्या एका कॉलेजकुमाराच्या कार्डावर 'यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ'. (हाताला वळण पडलंय, ताई. एकदा लेखणी धरली की तो मला विचारत नाही.) धाकटीने फर्मान काढलं, आधी मालिका बघा, मग लिहा.

म्हणून दुकानात, कोरण्याच्या यंत्राशेजारी मोबाईल उभा करून मी एक मालिका लावली. एका पुलावर पहारा देणारी म्हातारी राखणदारीण, आणि तो पूल तोडायला येणारे दगडी राक्षस. पहिल्या भागाला मी हसलो. पुढे मात्र गिऱ्हाईक आलं की मला राग येऊ लागला. शेवटी ती म्हातारी एकटीच पुलावर उभी राहते, गावकऱ्यांना पलीकडे घालवते, पूल कोसळतो आणि ती हसत हसत त्याच्यासकट नदीत जाते. पडदा काळा, सनईसारखं काहीतरी वाजतंय, आणि नेमके तेव्हाच दातांचे डॉक्टर आपली पितळी पाटी न्यायला दारात. माझा चेहरा बघून त्यांनी चप्पल बाहेर काढली, आत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "म्हातारी." ते म्हणाले, "वय झालं होतं का?" मी खरं तेच सांगितलं, की तीनशेच्या पुढे होती. पाटी न घेताच गेले बिचारे.

त्याच भरात मी हातातलं कार्ड लिहून टाकलं. ज्याला पाठवायचं त्याच्याविषयी त्याच्या बायकोने कळवलं होतं, पण माझ्या हाती आली ती धाकटीने घाईत लिहिलेली एक ओळ: अपघात झालाय, दवाखान्यात आहे, कुणाशी बोलत नाही, राखणदारिणीची रबरी बाहुली उशाशी घेऊन झोपतो. माझ्या डोळ्यांसमोर सात-आठ वर्षांचं पोर आलं. मी लिहिलं, 'चिमुकल्या मित्रा, जशी आपली राखणदारीण पुलासकट नदीत बुडताना शेवटच्या श्वासापर्यंत हसत होती, तसाच तूही हसत राहा.' खाली दोन फुलं काढली. इतकं सुंदर अक्षर माझं याआधी कधी आलं नव्हतं.

कार्ड पोचल्यावर त्याच्या बायकोचा धाकटीला फोन आला. धाकटी फोन ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. चिमुकला मित्र चाळिशी ओलांडलेला, क्रेन चालवणारा, दारातून अंग तिरकं करूनच आत येईल असा गडी. पायावर लोखंडी तुळई पडली, पाय वाचला, पण तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला. व्यायामाला उठवायला आलेल्यांकडे बघतसुद्धा नव्हता. आणि ती मालिका त्याची अर्धीच बघून झाली होती. कार्ड वाचून तो ताडकन उठून बसला आणि कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा बोलला. बोलला ते मी इथे लिहू शकत नाही. मथितार्थ असा, की हे लिहिणाऱ्याला माझ्यासमोर आणा.

मी गेलो, ताई. सोबत संत्री नेली. खाटेजवळ उभा राहिलो, पिशवी छातीशी धरून.

"म्हातारी मरते, हे तुम्हाला कुणी सांगायला सांगितलं होतं?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "कुणीच नाही. मला वाटलं, तुम्ही लहान आहात."

"लहान मुलांना तुम्ही असं लिहिता?"

मी संत्र्यांची पिशवी पुढे केली. त्याची बायको दाराशी उभी होती. ती तोंडाला पदर लावून हसत होती आणि तिचे डोळे भरून वाहत होते. मला वाटतं, नवरा कुणावर तरी ओरडतोय हेच तिला पुष्कळ होतं. तिनेच मग मोबाईल पुढे केला. म्हणाली, हे शेवट सांगून तर बसलेत, आता दोघं मिळून बघा.

पण व्यायाम शिकवणाऱ्या बाई बिलंदर. त्यांनी मोबाईल काढून घेतला आणि सांगितलं, दोन दांड्यांना धरून त्या टोकापर्यंत चाला, मग एक भाग. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मीही चालतो तुमच्याबरोबर. पहिल्या दिवशी तो मध्येच बसला आणि आम्हाला अर्धाच भाग मिळाला. (बाई हिशेबाला फार पक्क्या.) पण दुसऱ्या दिवशी पोचला. मी रोज दुकान लवकर बंद करून जाऊ लागलो. धाकटीला वाटलं मी समाजसेवा करतोय, तेव्हा मीही तिला तसंच वाटू दिलं.

असं करत आम्ही पूल कोसळण्याच्या भागापर्यंत आलो. मी रुमाल काढून ठेवला. पूल कोसळला, पडदा काळा झाला, ते वाद्य वाजलं, मी उठून डोळे पुसू लागलो आणि क्रेनवाला मोबाईलकडे बोट दाखवून म्हणाला, "थांबा, अजून एक भाग आहे." ताई, अजून एक भाग होता. म्हातारी मेलीच नव्हती. नदीच्या तळाशी पुलाचा मधला खांब खांद्यावर पेलून उभी होती ती. आम्ही दोघं इतके ओरडलो की शेजारच्या खोलीतली नर्स सुई हातात घेऊनच धावत आली.

आता तो काठी घेऊन चालतो, आणि मंडळात येऊन माझ्याशेजारी बसून मजकूर सांगतो. त्याचं म्हणणं, माणसाला उगाच हस म्हणू नये, आधी त्याला काय झालं ते विचारावं. मी ते लिहून घेतो. सुंदर अक्षरात.

तुझी आठवण काढणारा,
धाकटा भाऊ

ता. क. मंडळाचं संमेलन येत्या रविवारी तुझ्या दिवाणखान्यात ठेवलं आहे. वीसेक माणसं येतील, काही आवडत्या पात्रांचे वेश करून येणार आहेत. पंखवाल्याला दारातून तिरका घे.

आणखी एक. तुझंच घर का, असं तू विचारशील. आमच्याकडे सगळ्यांच्या इमारतींना लिफ्ट आहे. तुझ्याकडे चार मजल्यांचा जिना आहे, आणि क्रेनवाल्याला तो चढून दाखवायचा आहे. वर पोचायला त्याला वेळ लागेल. तोवर कुणाला खाली धावू देऊ नकोस.

शेवटचं. व्यायामाच्या बाई म्हणतात, चढायचं त्याला जमेल, उतरायचं अजून शिकवलेलं नाही. तेव्हा त्याच्या मुक्कामासाठी एक जाड गादी काढून ठेव.