चुलीवरचा मुडा

माझगाव, मुंबई
वैशाख, १९६५

तीर्थरूप आईस,
धर्माचा वाकून नमस्कार.

आम्ही बरे आहोत. रेशनवर तांदूळ थोडा आणि लाल गहू जास्त मिळतो. मैनेला आता त्याच्या चपात्या जमतात.

तू वामनकाकांच्या मचव्यातून धाडलेला भाताचा मुडा धक्क्यावरून घरी पोचला. भात कांडायला म्हणून मैना मुड्याचा पेंढा सोडत होती, मी थांबवलं. पेंढा धुराने काळा होता. चुलीवर टांगलेला मुडा बियाण्याचा, हे मुंबईत वाढलेल्या तुझ्या सुनेला कसं ठाऊक असणार?

कणगीतलं भात संपलं काय? बांध फुटून वाशीच्या शेतात खारं पाणी शिरलं काय? तू काय जेवतेस?

मुडा त्याच मचव्याने परत धाडतोय. सोबत आमचा गहू आहे.

गहू खा. भात पेर.

तुझा,
धर्मा