विनुताच्या नावे, अटीवाचून

मी, अनिरुद्धराव, वडिलांचे नाव वेंकटराव, राहणार तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली, पूर्वी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन, आता निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणावाचून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी केलेला मसुदा रद्द समजावा. तो का रद्द केला ते पुढे येईल.

माझे मन ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टर वेंकटेश यांनी दिला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी विचारले, "सर, झोप येते?" येते म्हणालो. "जेवण जाते?" जाते, चवही कळते. "आणि रडू?" नाही. "मुलगा गेल्यापासून एकदाही नाही?" एकदाही नाही. त्यांनी सही केली. कायद्याला एवढे स्थिर मन पुरे व्हावे.

कलम १. हे मृत्युपत्र मी मराठीत, देवनागरीत लिहिले आहे. नोंदणीसाठी तमिळ तर्जुमा जोडला आहे. दोहोंत फरक पडल्यास हे मराठी खरे धरावे. माझा धाकटा भाऊ सांबशिव घरात मराठी बोलतो, पण त्याला ती वाचता येत नाही. त्याच्या मुलांनाही येत नाही. या गल्लीत देवनागरी वाचणारे आता आम्ही दोघेच: मी आणि माझी सून विनुता. म्हणजे तर्जुमा हाती असला तरी सांबशिवाला हा मूळ कागद तिच्याकडूनच वाचून घ्यावा लागेल. हे मी जाणून केले आहे.

कलम २. माझी पत्नी शेषम्मा पूर्वीच वारली. आम्हांला प्राणेश हा एकच मुलगा. शिकून तो रंगीत टीव्ही विकणाऱ्या कंपनीत लागला. तेव्हा बाहेरच्या देशांतल्या कंपन्यांचे टीव्ही नुकते येऊ लागले होते, आणि केबलची तार खेड्याखेड्यांत पोहोचत होती. प्राणेश मोटारसायकलवर भाताच्या शेतांतून दुकानादुकानाला हिंडायचा आणि घरी आल्यावर सांगायचा, "बाबा, तुम्ही ज्या ज्या कालव्याचा नकाशा काढलात, त्या प्रत्येकाच्या काठी मी एक टीव्ही विकला आहे." १९९५ साली, मार्गळीत, म्हणजे धनुर्मासात, ओरत्तनाडूहून परतताना समोरून आलेल्या लॉरीने त्याला उडवले. त्याला मूलबाळ नाही. त्याच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती.

कलम ३. माझे नकाशाचे टेबल, टी-स्क्वेअर, पितळी कंपासपेटी आणि शाईची पेने विनुताने घ्यावीत. भिंग तिने वापरू नये, त्याने डोके दुखते, नवे घ्यावे. कागद कापायची लांब सुरी आणि खाली ठेवायची काच या मुळातच तिच्या आहेत. माझ्या टेबलावर असतात म्हणून कोणी माझ्या मालमत्तेत धरू नयेत.

कलम ४. कागदाच्या कामाबद्दल गल्लीत बरेच बोलले गेले आहे, म्हणून ते कसे सुरू झाले हे नोंदवून ठेवतो.

प्राणेशाचे तेरावे झाल्यावर छापखान्याचा माणूस एक खोके देऊन गेला. अपघाताच्या आधी प्राणेशाला बढती मिळाली होती आणि त्याने नवी कार्डे छापायला टाकली होती. खोक्यात तीच होती. निळ्या अक्षरांत त्याचे नाव, खाली एरिया मॅनेजर, खाली आमचा फोन नंबर. मी खोके कपाटावर ठेवले. ते टाकवतही नव्हते, उघडवतही नव्हते.

काही दिवसांनी मी बाहेरच्या तिण्णैवरून, म्हणजे ओट्यावरून, आत आलो तर विनुता जमिनीवर बसली होती आणि त्या कार्डांच्या अरुंद पट्ट्या कापत होती. प्राणेशाचे नाव उभे कापले जात होते. मी म्हणालो, "विनुता, हे काय करतेस?"

ती म्हणाली, "मामंजी, ही आता कोणाला देणार?"

राग यायला हवा होता, तो आला नाही. मी शेजारी बसलो.

तिरुच्चीच्या कॉलेजात असताना ती हे काम सुट्टीच्या वर्गात शिकली होती. उदबत्तीच्या काडीच्या टोकाला चीर द्यायची, तीत पट्टीचे टोक अडकवायचे आणि काडी फिरवत पट्टीची सुरळी करायची. सुरळी सोडली की ती थोडी उलगडते. मग तिला डिंक लावून बोटांनी दाबले की थेंब होतो, पान होते, डोळा होतो. अशा सुरळ्या शेजारी शेजारी उभ्या चिकटवून चित्र करायचे. पण कार्डाचा कागद जाड, तो वळताना मोडत होता. मी सांगितले की आम्ही ऑफिसात जाड कागद वाफेवर धरून सरळ करायचो, तर वाकडाही होईल. तिने कॉफीचे पाणी चुलीवर ठेवले. पट्ट्या वाफेवर धरल्या. त्या वळल्या.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून पुष्कळ सुरळ्या केल्या. बोललो नाही. तेराव्यानंतर घरात आम्ही एकमेकांना "जेवलात का" याच्यापुढे काही विचारले नव्हते, आणि त्या दिवशीही विचारले नाही. पण हात एका कामात होते. कार्डे संपल्यावर जुनी कॅलेंडरे घेतली, मग लग्नपत्रिका, मग तिने बाजारातून रंगीत कागद आणला. नवरात्रीच्या कोलूत, पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांच्या मागे, आम्ही कागदाची नारळीची बाग उभी केली. बायका बघायला आल्या. काही जणी सुंडलचा प्रसाद घेऊन जाताना जिन्याखाली म्हणाल्या, सासरा आणि विधवा सून दिवसभर जवळ बसून कागद वळतात, हे काय लक्षण. मला ऐकू आले. विनुतालाही आले. दुसऱ्या दिवशी तिने दारे-खिडक्या सताड उघडून टेबल पुढच्या खोलीत ओढले.

कलम ५. कागदाचा मोठा नकाशा, जो पुढच्या खोलीत भिंतीवर आहे, तो मुलींच्या शाळेस द्यावा, असे विनुताचे आणि माझे ठरले आहे. मुख्याध्यापिका धनलक्ष्मीबाई यांनी तो भूगोलाच्या वर्गात लावण्याचे कबूल केले आहे. कावेरीचे पाणी जिथे जिथे फुटून जाते तो सगळा मुलूख त्यात आहे. रेषा माझ्या, कागद तिचा. वेण्णार, वेट्टार, वडवार आणि पुदू आरू हे प्रवाह निळ्या पट्ट्यांचे. भाताची शेते हिरव्या सुरळ्यांची, आणि कापणीनंतरची पिवळ्या. विनुताने एकदाच विचारले, "रस्ते घ्यायचे?" मी म्हणालो, "नको, पाणी पुरे." तिने पुन्हा विचारले नाही. नकाशावर काच बसवावी आणि तो पावसाळी भिंतीपासून दूर टांगावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही धनलक्ष्मीबाईंनीच पाहावी. त्या स्पष्ट बोलतात आणि सांबशिव त्यांना घाबरतो. लहानपणी तो त्यांच्या आईच्या वर्गात होता.

कलम ६. सांबशिवाबद्दल. वडिलांच्या घरातला आपला हिस्सा त्याने माझ्याकडून पूर्ण घेतला, हक्कसोड नोंदवून दिली आणि नव्या वस्तीत घर बांधले. ते कागद बँकेच्या लॉकरात आहेत. तरीही प्राणेश गेल्यावर महिनाभराने तो आला आणि तिण्णैवर बसून म्हणाला, "अण्णा, आता तिला तिरुच्चीस माहेरी धाडून द्या."

"काय म्हणून?" मी विचारले.

"तिचा नवरा नाही, लेकरू नाही. इथे ती कोणाची कोण? उद्या तुमच्या मागे घराचं काय? राजवाडा बघायला परदेशी लोक येतात. माझा मुरली म्हणतो, इथे छान लॉज होईल."

विनुता आत कॉफी करत होती. ती वाटी-पेल्याचा डबरा-टंबलर घेऊन बाहेर आली, कॉफी त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "साखर कमी घातली आहे काका, तुम्हांला डॉक्टरांनी सांगितलंय." बाकी काही नाही. तो कॉफी पिऊन गेला. तिचे आईवडीलही तिला न्यायला आले होते. त्यांना ती म्हणाली, नंतर येते. ते नंतर अजून आलेले नाही.

सांबशिवाला मी आमच्या वडिलांची चंदनाची हातकाठी देतो. ती त्याने लहानपणापासून मागितली होती. याखेरीज माझ्या मालमत्तेत त्याचा किंवा त्याच्या मुलांचा काहीही हक्क नाही.

कलम ७. माझे उत्तरकार्य. प्राणेशाच्या वेळी पुरोहितांनी जसे सांगितले तसे सगळे मी केले. मुलाचे बापाने केले. त्यानंतर कोणी कोणाचे करावे यातले योग्य-अयोग्य मला दिसेनासे झाले आहे. विनुताला वाटल्यास तिने अग्नी द्यावा. न वाटल्यास देऊ नये. कोणी वाद घालू नये.

कलम ८. घर. हे कलम मी मुद्दाम शेवटी ठेवले.

बसस्टँडजवळ भरद्वाज नावाच्या गृहस्थांचे ग्रीटिंग कार्डांचे दुकान आहे. अलीकडे वाढदिवसालाही लोक कार्ड विकत घेतात. त्यांनी कोलूतली बाग पाहिली आणि विनुताला कार्डे करायला सांगितले. कागदाची फुले चिकटवलेली तिची कार्डे पोंगलला आणि दिवाळीला त्यांच्याकडे जातात. हे गृहस्थ विधुर आहेत, बोलायला सावकाश, वागायला सरळ. गेल्या महिन्यात, आवणीत, ते एकटेच आले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "सर, तुमची परवानगी असेल तर मला विनुताशी लग्न करायचे आहे."

मी त्यांना हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. त्यांना नमस्कार केला. ते गेले. त्यांच्याबद्दल मला राग नव्हता, आनंदही नव्हता. दुसऱ्या दिवशी मी दस्तलेखकाकडे जाऊन मृत्युपत्राचा मसुदा करवला. घर सुनेला, असे मी सांगितले. त्याने लिहिताना आपणच पुढे जोडले: तिने पुनर्विवाह न केल्यास व सदर घरात राहून त्याची निगा राखल्यास. मी पाहिले. तो म्हणाला, "सगळे असेच लिहितात सर." मी राहू दिले.

त्या मसुद्याची मी मराठी प्रत केली आणि चूक राहू नये म्हणून विनुताला मोठ्याने वाचायला दिली. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. ती टेबलाशी उभी राहून वाचू लागली. तिचा आवाज एकसारखा होता, शाळेत हजेरी घेतात तसा. घराच्या कलमाशी ती आली, ते पूर्ण वाचले आणि थांबली.

"मामंजी, हे तुम्ही घातलंत?"

"लिहिणाऱ्याने घातले."

"तुम्ही काढलं नाहीत."

ती म्हणाली, "भरद्वाजांनी तुम्हांला विचारलं, हे मला त्यांच्याच दुकानात कळलं. त्यांनी तुम्हांला विचारलं, तुम्ही कागदाला विचारलं. मला कोणी विचारलं नाही."

तिचे बरोबर होते. तेव्हा मी तिला विचारले, समोरासमोर, की तुला हे लग्न करायचे आहे का.

ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "मला ठाऊक नाही. मला सध्या कशातच काही वाटत नाही. सकाळी उठते, कागद कापते. तुम्हांलाही असंच होतं ना?"

मी म्हणालो, "होय."

"मला वाटायचं, मी एकटीच."

प्राणेश गेल्यापासून आमच्यात त्याच्याविषयी झालेले हे पहिले बोलणे, आणि त्यात त्याचे नावही आले नाही. उठताना ती म्हणाली, "लग्नाचं मी सांगेन, पण कधी ते विचारू नका. घर द्यायचं असेल तर द्या मामंजी. राखण करायला देऊ नका."

मी तिच्यासमोर त्या मसुद्यावर रेघ मारली. त्यानंतर हे लिहायला बसलो.

सबब मी जाहीर करतो की, राजवाड्यामागच्या गल्लीतले माझ्या पूर्ण मालकीचे घर, जागा, परसातली विहीर व नारळाची झाडे यांसह, माझ्या पश्चात माझी सून विनुता हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. तिने लग्न केले तरी, न केले तरी. ती इथे राहिली तरी, कुलूप लावून गेली तरी. तिने ते विकले, भाड्याने दिले किंवा पाडले तरी कोणीही, माझे नाव सांगून, तिला काही म्हणू नये. या घरात माझा मुलगा जन्मला, त्याचा भार या घरावर नाही आणि तिच्यावरही नाही. ती निघाली तर गल्लीतल्या कोणी तिला दारात अडवून "मामंजींना काय वाटले असते" असे विचारू नये. मला जे वाटते ते मी वर लिहिले आहे. तिने जावे, असे वाटले तर.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, मी दोन्ही साक्षीदारांसमोर त्यावर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

(सही) अनिरुद्धराव

साक्षीदार:

१. (सही) डॉक्टर वेंकटेश, दक्षिण राजवीथी, तंजावूर. मृत्युपत्र करणारे सही करताना शुद्धीवर व समजत्या मनाचे होते.

२. (सही, तमिळमध्ये) वेंकूबाई, शेजारचे घर. मला मराठी वाचता येत नाही. विनुताने मला सगळे वाचून दाखवले. वाचताना ती शेवटच्या कलमाशी थांबली, आणि मी पाणी आणून दिल्यावर पुढचे तिने वाचले.

स्थळ: तंजावूर
दिनांक: १८ सप्टेंबर १९९८