फलश्रुती नसलेली कादंबरी

कर्वेनगर, सोमवार, दिवा लावून झाल्यावर

संपली एकदाची कादंबरी. सूनबाई, सायली, खराडीच्या ऑफिसातून येते ती थेट खोलीत जाते. गेल्या आठवड्यात मात्र पुस्तक हातात देऊन म्हणाली, "आई, वाचून बघा. यातली सुमन म्हणजे मीच."

मी आपली पोथीसारखी आंघोळ करून रोज एक प्रकरण वाचत गेले. गोष्ट अशी काहीच नाही. एका घरातला एक दिवस. सगळे सुमनला काम सांगतात, मनातलं कुणी विचारत नाही, आणि तिचा चहा टेबलावर गार होतो. आख्खा कप वाया! शेवटी फलश्रुती असेल म्हणून पान उलटलं, तर कोरं.

हे म्हणाले, "अगं, आधुनिक कादंबरीत काही घडत नसतं. आपल्या घरासारखंच."

पुस्तकावर नाव पुरुषाचं. त्याला त्या चहावरची साय कशी दिसली? सायली म्हणाली, "लोक म्हणतात, त्याच्या बायकोनेच लिहिली, नाव त्याचं लागलं." असेलही. मग तिच्या मनातलं घरच्यांना छापून आल्यावरच कळलं म्हणायचं.

आणि त्या घरात सासूही आहे की! पानोपानी स्वयंपाकघरात वावरते, पण एका शब्दाने विचारत नाही. सायलीने मला सुमन दाखवली. सासू दाखवली नाही. ती माझी मलाच सापडावी, म्हणून?

दोन कप चहा गाळून ठेवलाय. तिच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं आहे. साय धरायच्या आत उठते.